जाळीतून उतरलेलं पोस्टर : वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी रॉक पोस्टर आणि स्क्रीन प्रिंटिंगबद्दलचे प्रश्न मागवले होते. स्क्रीन प्रिंटिंग किंवा सिल्कस्क्रीन म्हणजे फ्रेमवर ताणलेल्या जाळीच्या उघड्या भोकांतून स्क्वीजीने, म्हणजे रबरी पट्टीने, शाई कागदावर दाबून उतरवणं; प्रत्येक रंगासाठी वेगळी जाळी लागते. एकाच अडचणीबद्दलची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : साठच्या दशकातली सॅन फ्रान्सिस्कोची, वितळल्यासारख्या अक्षरांची पोस्टरं मला फार आवडतात. तशीच सिल्कस्क्रीनवर करून बघायची आहेत. ते कलाकार कोणती जाळी वापरत असत?

जाळी नव्हतीच. तिथल्या फिलमोर ऑडिटोरियम या सभागृहासाठी कार्यक्रमांचे आयोजक बिल ग्रॅहॅम आणि अ‍ॅव्हलॉन बॉलरूमसाठी चेट हेल्म्सची ‘फॅमिली डॉग’ मंडळी १९६६ पासून जी पोस्टरं काढत होती, ती बहुतेक सगळी ऑफसेटवर, म्हणजे प्लेटवरची शाई रबरी रुळामार्फत कागदावर उतरवणाऱ्या यंत्रावर, छापलेली आहेत. वेस विल्सन, व्हिक्टर मोस्कोसो, रिक ग्रिफिन, स्टॅन्ली माउस आणि अल्टन केली ही त्यातली पाच मोठी नावं. विल्सनची ती ठासून भरलेली अक्षरं व्हिएन्नाच्या आल्फ्रेड रोलरच्या अक्षरांवरून आली. माउस आणि केलीचा गुलाबांचा मुकुट घातलेला सांगाडा हा एडमंड सलिव्हनने उमर खय्यामच्या रुबायांसाठी काढलेल्या चित्रावरून घेतलेला आहे. म्हणजे हे लोक जुनी पुस्तकं चाळून चित्रं उचलत, रंग बदलत आणि छपाईसाठी ऑफसेटवाल्याकडे देत.

सिल्कस्क्रीनची वाट वेगळीच. १९०७ मध्ये मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमनने तिचं पेटंट घेतलं. तीसच्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्कमध्ये सरकारी पोस्टर विभागात अँथनी व्हेलोनिसने तिला कलेच्या कामाला लावलं. १९६२ मध्ये अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलने फोटो जाळीवर चढवला, तर १९६८ च्या मे महिन्यात पॅरिसच्या आंदोलक विद्यार्थ्यांनी रातोरात भिंती भरल्या. रॉकच्या कार्यक्रमांची पोस्टरं जाळीवर आली ती ऐंशी-नव्वदच्या दशकात. ऑस्टिनमध्ये सुरुवात केलेल्या फ्रँक कोझिकचं नाव त्यात आधी घेतलं जातं. २००२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ‘फ्लॅटस्टॉक’ हे पोस्टर-प्रदर्शन पहिल्यांदा भरलं, तोवर छोट्या छापखान्यांची एक पिढीच तयार झाली होती.

हिशेब साधा आहे. दोनशे प्रती काढायच्या तर जाळी परवडते, दहा हजारांना ऑफसेट. शिवाय जाळीतून शाईचा जाड थर बसतो, चमकणारा रंग खरोखर चमकतो. तेव्हा साठच्या दशकाची नक्कल करायची असेल तर अक्षरं जरूर घ्या, पण ऑफसेटचा पातळपणा जाळीकडून मागू नका. सपाट, भरीव रंगात विचार करा.

प्रश्न : चार रंगांचं पोस्टर छापतो. पहिले दोन रंग बरोबर बसतात, तिसऱ्याला एक-दोन मिलिमीटर सरकतं. खुणा नीट लावूनही असं का होतं?

‘सरकतं’ एवढ्यावरून निदान होत नाही. कुठे आणि कसं सरकतं ते आधी बघा. दहा खराब प्रती ओळीने मांडा आणि चारही कोपऱ्यांतल्या खुणांमधलं अंतर मोजा.

चारही कोपऱ्यांत सारखंच, एकाच दिशेला सरकलं असेल आणि दहाही प्रतींत तेवढंच असेल, तर कागद अडवणारे थांबे चुकीच्या जागी आहेत किंवा फ्रेम बसवताना हलली. हे सगळ्यात सोपं. प्रत्येक प्रतीत वेगवेगळं सरकत असेल, तर कागद थांब्याला नीट टेकत नाही, नाहीतर बिजागरी सैल आहे. फ्रेम खाली करून तिचं मोकळं टोक डावी-उजवीकडे हलवून बघा. बोटाला जाणवेल इतकी हालली तरी छपाईत एक मिलिमीटर गेला म्हणून समजा. मधोमध बरोबर आणि कडांकडे वाढत जाणारा फरक असेल, तर कागद ताणला-आकसलाय किंवा जाळी सैल आहे. चित्र तिरकं फिरलं असेल, तर लांब बाजूच्या दोन थांब्यांपैकी एक हलला आहे.

तुम्ही लिहिलंय की पहिले दोन बरोबर आणि तिसरा चुकतो. हे ऐकून संशय कागदावर जातो. पाण्याच्या शाईचा मोठा भरीव थर बसला की कागद ओलावा पितो, फुगतो, वाळताना आकसतो, आणि तंतूंच्या आडव्या दिशेला जास्त आकसतो. मोठ्या पोस्टरवर त्यात एखादा मिलिमीटर सहज जातो. म्हणून कागद छपाईच्या खोलीत किमान एक दिवस आधी मोकळा ठेवा, सगळे ताव तंतूंच्या एकाच दिशेने कापून घ्या आणि दोन रंगांमध्ये सारखाच वेळ जाऊ द्या. एक रंग सकाळी आणि दुसरा दोन दिवसांनी असं नको. सगळ्यात मोठा भरीव रंग आधी छापा, म्हणजे कागदाला काय व्हायचं ते लवकर होऊन जातं. कागद २५० ते ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) घेतलात तर तो निमूट पडून राहतो, पातळ कागद प्रत्येक थराला वळतो.

थांब्यांबद्दल एक गोष्ट पुस्तकांत असते, तरी लोक विसरतात. तीन थांबे लागतात, दोन लांब बाजूला आणि एक आखूड बाजूला. सगळ्या रंगांना तीच बाजू, तोच कोपरा. मध्येच कागद उलटा फिरवलात तर कापताना राहिलेला फरक दुप्पट होऊन दिसतो. थांब्याची जाडी कागदाएवढीच ठेवा. जाड पुठ्ठ्याचे थांबे लावले की जाळी त्यांच्यावर अडते आणि कडेची शाई पुसट येते.

दुसरा रंग जुळवताना पारदर्शक फिल्म वापरा. टेबलावर फिल्मचा ताव एका बाजूने चिकटवा, त्यावर दुसरा रंग छापा, मग पहिला रंग छापलेला ताव त्याखाली सरकवून चित्र जुळवा. जुळलं की ताव तसाच ठेवून थांबे लावा आणि फिल्म उचला. डोळ्यांनी अंदाज घेत बसण्यापेक्षा हे कितीतरी लवकर होतं.

राहिली जाळी. ताण वीस न्यूटन प्रति सेंटिमीटरच्या खाली गेला असेल तर ती फ्रेम बारीक कामाला घेऊ नका. जाळी आणि कागद यांत दोन-तीन मिलिमीटर अंतर पुरतं. पाच ठेवलंत तर स्क्वीजी जाळीला खेचतच नेते आणि चित्र लांबतं. आणि सगळं करूनही पाव-अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होणारच. त्यासाठीच शेजारच्या दोन रंगांत अर्ध्या मिलिमीटरचा चढाव ठेवतात, म्हणजे एकाची कड दुसऱ्यावर तेवढी चढू देतात, आणि काळी रेघ सगळ्यावर शेवटी घेतात. मूळ फाइलमध्ये चढाव न ठेवता छपाईवाल्याला दोष देणं बरोबर नाही.

प्रश्न : पंधरा-वीस प्रती झाल्या की बारीक अक्षरं बुजायला लागतात. शाई पातळ केली तर कडा पसरतात. मधला मार्ग आहे का?

तुमची शाई जाड नाहीये, ती जाळीतच वाळते आहे. दोन्हींची लक्षणं दिसायला सारखी, पण औषध उलट. जाड शाईने अक्षर पहिल्या प्रतीपासून अपुरं येतं. वाळणारी शाई पहिल्या दहा प्रती सुरेख देते आणि मग अक्षराच्या पोटातली भोकं, बारीक टोकं एकेक करून बंद होत जातात.

पाण्याच्या अ‍ॅक्रिलिक शाईत पाणी उडालं की ती पुन्हा विरघळत नाही, तो प्लास्टिकचा पापुद्रा असतो. म्हणून वाळू न देणं हाच उपाय. प्रत्येक प्रत छापून झाली की फ्रेम उचला आणि लगेच हलक्या हाताने शाई जाळीवर परत पसरवा. दाब द्यायचा नाही, नुसती पसरायची. उघड्या भोकांत ओली शाई भरलेली राहिली की हवा लागत नाही. नवखे लोक पुढचा कागद लावून झाल्यावर पसरवतात. तेवढ्या अर्ध्या मिनिटात घात होतो.

पाण्याऐवजी वाळण लांबवणारं रिटार्डर घाला, शाईच्या पाच टक्क्यांपर्यंत. जास्त घातलं तर प्रत वाळायला दिवस लागतो आणि ढिगात चिकटते. पंखा फ्रेमकडे नको, वाळवायच्या मांडणीकडे असू दे. फ्रेमवर शाई भरपूर ठेवा. कंजूसपणे थोडी घातलेली शाई सगळ्यात आधी सुकते. शाई चमच्यावरून तुटक न पडता सलग, संथ ओघळली की घट्टपणा बरोबर आहे.

फोन आला तर? शाई पसरवून फ्रेम उघडी टाकून जाऊ नका. दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर शाई काढून जाळी दोन्हीकडून ओल्या स्पंजने पुसा. बुजायला सुरुवात झालीच, तर आतल्या बाजूने पाण्याचा बारीक फवारा मारा, रद्दी कागदावर तीन-चार हात घ्या, खालची बाजू ओल्या स्पंजने टिपा. घासू नका, इमल्शनच्या (चित्राबाहेरची भोकं बंद ठेवणाऱ्या जाळीवरच्या थराच्या) कडा उठतात.

प्रश्न : धुताना इमल्शन निघून जातं, नाहीतर बारीक रेघा उघडतच नाहीत. एक्सपोजरचा नेमका वेळ किती?

एक्सपोजर म्हणजे इमल्शन लावलेल्या जाळीवर चित्राची फिल्म ठेवून प्रकाश देणं. उजेड लागतो तिथलं इमल्शन कडक होतं, फिल्मच्या काळ्या भागाखालचं धुऊन जातं आणि भोकं उघडतात. नेमका वेळ कोणी सांगत असेल तर त्याला तुमचा दिवा, अंतर, इमल्शन आणि जाळी माहीत नाही. तो वेळ एकदाच शोधून काढायचा असतो, त्याला एक संध्याकाळ लागते.

फिल्मवर बारीक रेघा, छोटी अक्षरं आणि हाफटोनचे (फोटोतल्या गडद-फिकट छटा दाखवणारे लहान-मोठे) ठिपके असलेली एकच पट्टी आठ वेळा शेजारी शेजारी घ्या. अंदाजे वेळ चार मिनिटं धरली, तर तीस सेकंदांच्या आठ पायऱ्या होतात. जाड काळा पुठ्ठा दर तीस सेकंदांनी एकेका पट्टीवर सरकवत न्या, म्हणजे पहिल्या पट्टीला अर्धं मिनिट आणि आठवीला पूर्ण चार मिनिटं प्रकाश मिळेल. धुवा आणि जाळीची आतली बाजू बोटाने चाचपा.

हे चाचपणं महत्त्वाचं. प्रकाश बाहेरून, म्हणजे छपाईच्या बाजूने येतो, त्यामुळे ती बाजू आधी कडक होते आणि स्क्वीजीची बाजू सगळ्यात शेवटी. आतून बुळबुळीत लागतंय आणि पाण्यासोबत रंग उतरतोय, म्हणजे प्रकाश कमी पडला. बाहेरून छान दिसत असलं तरी ती जाळी पन्नास प्रतींत भोकं देईल. ज्या पट्टीला बुळबुळीतपणा संपतो आणि बारीक रेघही उघडते, तो तुमचा वेळ. बुळबुळीतपणा संपायच्या आधीच रेघा बंद होत असतील तर दोष वेळेचा नाही. काळी जागा पुरेशी काळी नाही, किंवा फिल्म काचेला घट्ट टेकलेली नाही आणि कडेने प्रकाश आत शिरतोय. फिल्म दिव्यासमोर धरा. काळ्यातून दिवा दिसला तर दोन फिल्म एकावर एक जुळवा. पांढरी जाळी प्रकाश आतल्या आत पसरवते. बारीक कामाला पिवळी रंगवलेली जाळी घ्या, तिला वेळ मात्र जास्त लागतो.

आणखी एक कारण बरेचदा सुटतं. इमल्शन हाताला कोरडं लागतं, पण आत ओलं असतं. ओलं इमल्शन कितीही वेळ उजेडात ठेवलं तरी नीट कडक होत नाही. अंधाऱ्या, कोरड्या जागी फ्रेम आडवी, छपाईची बाजू खाली करून रात्रभर वाळू द्या. पावसाळी हवेत त्याहून जास्त. बारीक टाचणीएवढी भोकं पडत असतील तर जाळी धुताना तेलकटपणा गेला नव्हता किंवा काचेवर धूळ होती.

प्रश्न : इंटरनेटवरून घेतलेल्या एका गायकाच्या फोटोचं हाफटोन पोस्टर करायचं आहे. फोटोवर चौकटीसारखी नक्षी उमटते.

ती नक्षी म्हणजे मॉयरे. ठिपक्यांच्या रांगा आणि जाळीचे धागे एकमेकांना छेदतात तेव्हा दिसते. जाळीची संख्या ठिपक्यांच्या रांगांच्या चार ते पाचपट हवी. सेंटिमीटरला नव्वद धाग्यांच्या जाळीवर सेंटिमीटरला अठरा रांगा, म्हणजे इंचाला साधारण पंचेचाळीस. पोस्टर दोन-तीन फुटांवरून बघायचं असतं, त्यामुळे ठिपके मोठे दिसले तर बिघडत नाही, उलट तीच या माध्यमाची चव आहे. रांगांचा कोन २२.५ अंश ठेवा. शंका असेल तर इमल्शन लावण्याआधी फिल्म कोऱ्या जाळीवर ठेवून हळूहळू फिरवा. नक्षी कुठे नाहीशी होते ते डोळ्यांना दिसतं आणि तो कोन फुकट मिळतो. जागेचा पाच टक्क्यांहून कमी भाग व्यापणारे ठिपके जाळी धरत नाही, नव्वदच्या पुढचे बुजतात. फोटोतल्या फिकट ते गडद छटा आधीच दहा ते पंच्याऐंशी टक्क्यांत आणा.

आता दुसरी गोष्ट. फोटो कोणाचा आहे? अमेरिकन कलाकार शेपर्ड फेअरीने २००८ मध्ये ओबामांचं ते प्रसिद्ध ‘होप’ पोस्टर केलं, तेव्हा वृत्तसंस्थेच्या फोटोवरून बराच मोठा दावा झाला आणि तो २०११ मध्ये तडजोडीने मिटला. ‘मी रंग बदलले’ एवढ्याने फोटो आपला होत नाही. छायाचित्रकाराला विचारा. बरेचजण नाव आणि चार प्रतींवर खूश असतात.

प्रश्न : मोस्कोसोसारखे डोळ्यांसमोर नाचणारे रंग हवेत. लाल-निळा शेजारी ठेवला, पण काही होत नाही.

मोस्कोसो अमेरिकेतल्या येल विद्यापीठात रंगांचा अभ्यास शिकवणाऱ्या चित्रकार जोसेफ आल्बर्सकडे शिकला होता, तिथून हे आलं. दोन रंग विरुद्ध असून भागत नाही, त्यांचा उजळपणाही सारखा लागतो. फोनवर फोटो काढून काळा-पांढरा करा. दोन्ही रंग एकाच राखाडीत मिसळले तर नाचतील. तुमचा निळा बहुधा फार गडद आहे. त्यात थोडा पांढरा घाला किंवा लाल थोडा गडद करा.

इथे मघाच्या चढावाचीच अडचण होते. लाल-निळ्याच्या सीमेवर अर्धा मिलिमीटर चढाव ठेवला की तिथे एक जांभळट काळी रेघ तयार होते आणि थरथर संपते. कमी ठेवला तर पांढरी फट दिसते, तीही तेच करते. म्हणून दुसरा रंग झाकणारा, अपारदर्शक घ्या आणि चढाव पाव मिलिमीटरवर आणा. फ्लोरोसेंट रंग मोहात पाडतात. पण ते पारदर्शक असतात, त्यांना खाली शुभ्र कागद लागतो, आणि खिडकीच्या उजेडात सगळ्यात आधी तेच उडतात. विकताना गिऱ्हाइकाला हे सांगा.

प्रश्न : कोपऱ्यात १२/१५० असं लिहिलेलं असतं, काहींवर एपी. बारावी प्रत पहिल्यापेक्षा कमी चांगली का? आणि खरी सिल्कस्क्रीन ओळखायची कशी?

नाही. प्रती वाळल्यावर ढिगात खालीवर होतात, क्रमांक सह्या करताना पडतो. एपी म्हणजे कलाकाराच्या प्रती, साधारण दहा टक्क्यांपर्यंत. पीपी छापणाऱ्याच्या. रस्त्यावरची चित्रं काढणाऱ्या बँक्सीच्या ‘गर्ल विथ बलून’च्या २००४ मधल्या छापात दीडशे प्रती सहीच्या आणि सहाशे बिनसहीच्या होत्या, किमतीतला फरक तिथूनच सुरू होतो. स्वतः काढत असाल तर दीडशेसाठी एकशे सत्तर ताव घ्या, चार रंगांत तेवढे वाया जातातच. उरलेल्या धड प्रती नंतर गुपचूप बाजारात सोडल्यात तर नंबराला अर्थ राहत नाही.

ओळखायला दहापटीचं भिंग पुरतं. चार रंगांच्या ठिपक्यांची फुलं दिसली तर ऑफसेट. विस्कटलेले फवाऱ्यासारखे बारीक कण असतील तर इंकजेट. भरीव, एकसंध रंग आणि तिरक्या उजेडात कागदावर उठून दिसणारी कडा असेल तर सिल्कस्क्रीन. हाफटोन असला तरी ठिपका एकाच भरीव शाईचा असतो.

प्रश्न : छापलेलं पोस्टर भिंतीवर लावलं की फुगे येतात आणि दुसऱ्या दिवशी कोपरे सुटतात.

गॅलरीसाठीचा ३०० जीएसएमचा कागद भिंतीवर टिकत नाही, तो वाळताना ओढ घेतो आणि स्वतःच निघून येतो. रस्त्यासाठी ६० ते ९० जीएसएमचा बिनचमकीचा कागद वेगळा छापा.

खळ घरी करता येते. एक वाटी गव्हाचं पीठ एक वाटी गार पाण्यात गुठळ्या न होता कालवा. चार वाट्या पाणी उकळून त्यात ते बारीक धारेने सोडा आणि मंद आचेवर तीन-चार मिनिटं ढवळा. पांढुरकी खळ अर्धपारदर्शक झाली की उतरवा, गार करून गाळून घ्या. ब्रश सहज फिरेल इतकी पातळ हवी. दोन दिवसांत ती आंबते, साठवू नका.

फुगे येतात ते कागद भिंतीवर गेल्यावर फुगतो म्हणून. तो आधीच फुगू द्या. मागून खळ लावून, घडी घालून तीन-चार मिनिटं ठेवा. भिंत झाडून तिलाही खळ लावा. मग वरच्या कडेपासून टेकवत या आणि रुंद ब्रशने मधून कडांकडे हवा काढा. शेवटी वरूनही खळीचा एक हात फिरवा, कडांवर दोनदा. शाई पूर्ण एक दिवस वाळलेली नसेल तर याच हातात ती पसरते. भिंतीच्या मालकाची परवानगी लेखी घ्या, तोंडी होकार तक्रार आल्यावर कोणाला आठवत नाही. चुन्याची पापुद्रे सुटलेली भिंत मालक देतो म्हणाला तरी नको, तिथून पोस्टर चुन्यासकट खाली येतं.